कोलॅजेनचे क्रॉसलिंक कागदावर कसे मांडायचे आणि मग सँपलमध्ये कसे शोधायचे

पेशीबाहेरच्या मॅट्रिक्समधली प्रोटीन्स एकमेकांना केमिकली कशी जोडली जातात (या जोडणीलाच क्रॉसलिंक म्हणतात) हे शिकायला बसलं की पहिल्याच पानावर नावं अंगावर येतात, डिहायड्रोलायसिनोनॉरल्यूसिन, हायड्रॉक्सीलायसिनोकीटोनॉरल्यूसिन, पिरिडिनोलिन, डेस्मोसिन, आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात किंवा नावं घोकायला घेतात, जी परीक्षा झाली की उडून जातात. मला हे नीट उमगायला जवळपास दोन वर्षं लागली, आणि उमगलं तेव्हा कळलं की सगळ्याचं मूळ एकच आहे. एन्झाइम फक्त लायसीन नावाच्या अमिनो ॲसिडचं ॲल्डिहाइड करतं. पुढे कोणता क्रॉसलिंक बनणार हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. एवढं धरून चाललात तर नावं पाठ करायची गरजच नाही, हाताने काढता येतात. चला तर मग कागद, पेन्सिल आणि पट्टी घ्या, पट्टी खरंच लागणार आहे.

आधी लायसीन काढा

लायसीनची साइड चेन काढा. मुख्य साखळीतल्या अल्फा कार्बनपासून बाहेर चार कार्बन आणि टोकाला अमिनो ग्रुप. कार्बनना नंबर द्या, अल्फा म्हणजे २ नंबर, मग ३, ४, ५ आणि टोकाचा ६, ज्यावर नायट्रोजन आहे. आता शेजारी हायड्रॉक्सीलायसीन काढा, सगळं तसंच फक्त ५ नंबरवर एक ओएच. हा ५ नंबरचा ओएच लाल पेनने काढा, अर्धी गोष्ट त्याच्यावरच फिरते.

हा ओएच पेशीच्या आतच बसतो, कोलॅजेनची तिपेडी वेणी म्हणजे हेलिक्स वळला जायच्या आधी, लायसिल हायड्रॉक्सिलेज नावाच्या एन्झाइम्समुळे, आणि त्यांना व्हिटॅमिन सी आणि लोह लागतं. यातलं एलएच१ हे हेलिक्समधल्या लायसीनवर काम करतं आणि एलएच२ टोकाच्या मोकळ्या शेपट्यांवरच्या म्हणजे टेलोपेप्टाइडमधल्या लायसीनवर. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पट्टी घेऊन पाच काड्या

हा भाग लोक गाळतात आणि मग पुढचं काहीच जुळत नाही. क्रॉसलिंक होण्याआधी रेणू आपापल्या जागी येऊन बसावे लागतात, लायसिल ऑक्सिडेज एन्झाइमला सुटा कोलॅजेन रेणू फारसा चालत नाही, त्याला रचून तयार झालेला तंतू लागतो. म्हणून आधी रचना, मग केमिस्ट्री.

पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचा रेणू साधारण ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. तंतूमध्ये शेजारचा प्रत्येक रेणू ६७ नॅनोमीटरने सरकलेला असतो, यालाच डी पिरियड म्हणतात, आणि तेवढ्या अंतरात २३४ अमिनो ॲसिड मावतात. आपण १ डी म्हणजे १ सेंटिमीटर धरू. म्हणजे एक काडी ४.४ सेंटिमीटरची. पहिली काडी शून्यापासून काढा, दुसरी १ सेंटिमीटरवरून, तिसरी २ वरून, अशी पाचवी ४ सेंटिमीटरवरून. पहिलीचं उजवं टोक ४.४ वर संपतं आणि पाचवीचं डावं टोक ४ वर सुरू होतं, म्हणजे दोघी फक्त ४ मिलिमीटर एकमेकींवर येतात.

आता पट्टी लावून बघा. हेलिक्समध्ये क्रॉसलिंकसाठी महत्त्वाची लायसीनं दोन, ८७ आणि ९३० नंबरची. ८७ ला २३४ ने भागा, ०.३७ सेंटिमीटर येतं, म्हणजे पाचव्या काडीवर ही जागा ४.३७ वर पडते. आणि पहिल्या काडीचं शेपटीचं टोक, जिथे सी टेलोपेप्टाइडमधलं (म्हणजे साखळीच्या शेवटच्या शेपटीतलं) १६ नंबरचं लायसीन आहे, ते ४.४ वर. समोरासमोर! तसंच ९३० भागिले २३४ म्हणजे ३.९७, पहिल्या काडीवर ही जागा ३.९७ ला, आणि पाचव्या काडीची एन टेलोपेप्टाइडची म्हणजे साखळीच्या सुरुवातीची शेपटी, ज्यात ९ नंबरचं लायसीन, ती ४ च्या किंचित अलीकडे. परत समोरासमोर. मी पहिल्यांदा हे पट्टीने मोजलं तेव्हा खूप वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो, कारण तोपर्यंत ८७ आणि ९३० हे माझ्यासाठी नुसते पाठ केलेले आकडे होते. त्या ४ मिलिमीटरच्या पट्ट्यात चारही लायसीनं गोळा होतात आणि तिथेच गाठी बसतात.

एन्झाइमचं काम, जे एकच आहे

लायसिल ऑक्सिडेज टेलोपेप्टाइडमधल्या लायसीनच्या ६ नंबर कार्बनवरचा नायट्रोजन काढून टाकतं आणि तिथे ॲल्डिहाइड ठेवतं. कागदावर अमिनो ग्रुप खोडा, सीएचओ लिहा. बाहेर पडतं अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. लायसीनपासून झालं तर ॲलायसीन, हायड्रॉक्सीलायसीनपासून झालं तर हायड्रॉक्सीॲलायसीन. हे काम करणारं एन्झाइम १९६८ मध्ये पिनेल आणि मार्टिन यांनी हाडाच्या अर्कात दाखवलं.

या एन्झाइमला तांबं लागतं आणि त्याच्या स्वतःच्याच साखळीतल्या एका लायसीन आणि एका टायरोसीनला जोडून बनलेला एलटीक्यू नावाचा कोफॅक्टर (एन्झाइमचा मदतनीस) लागतो. म्हणजे क्रॉसलिंक करणाऱ्या एन्झाइमच्या पोटातच एक क्रॉसलिंक आहे, मला ही गोष्ट फार आवडते. शिवाय ते बाहेर पडतं तेव्हा झोपलेलं असतं, बीएमपी१ नावाचं प्रोटिएज म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम त्याचा पुढचा तुकडा कापून त्याला जागं करतं, आणि हेच प्रोटिएज प्रोकोलॅजेनची म्हणजे कच्च्या कोलॅजेनची सी बाजूची टोपीही कापतं, म्हणजे एकाच कात्रीने विटाही सुट्या आणि गवंडीही. तांब्याची ने-आण बिघडली, जसं मेंकेस आजारात एटीपी७ए जीनमुळे होतं, तर रक्तवाहिन्या आणि इतर संयोजी ऊती कच्च्या राहतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

इथून पुढे एन्झाइम नाही. नीट लक्षात घ्या, अजिबात नाही. ॲल्डिहाइड स्वस्थ बसणारा ग्रुप नाही, समोर जो मिळेल त्याला धरतो.

शेजारी कोण, त्यावर जोडणी

समोर दुसरं ॲलायसीन असेल तर दोन ॲल्डिहाइडचं आल्डॉल होतं, हे बहुतेक एकाच रेणूतल्या दोन साखळ्यांमध्ये. समोर हेलिक्समधलं न बदललेलं लायसीन किंवा हायड्रॉक्सीलायसीन असेल, म्हणजे आपल्या कागदावरचं ८७ किंवा ९३०, तर ॲल्डिहाइड आणि अमिनो ग्रुप मिळून पाणी बाहेर पडतं आणि कार्बन-नायट्रोजनचा डबल बाँड बनतो, शिफ बेस, ज्याला आपण आल्डिमीन म्हणू. काढून बघा, ६ नंबर कार्बन, डबल बाँड, नायट्रोजन, मग दुसऱ्याचा ६ नंबर.

आता लाल पेनचा ओएच. टेलोपेप्टाइडमधल्या लायसीनवर ओएच नसेल तर आल्डिमीन आल्डिमीनच राहतं, आणि ते आम्लात तुटतं. पण ओएच असेल, म्हणजे एलएच२ ने आपलं काम केलेलं असेल, तर डबल बाँडच्या अगदी शेजारच्या ५ नंबरवर ओएच आहे, आणि मग डबल बाँड सरकतो, ५ नंबरवर कीटोन तयार होतो आणि ६ नंबर आणि नायट्रोजनमध्ये साधा सिंगल बाँड उरतो. हे आमाडोरी रिअरेंजमेंट, आणि जे बनतं ते कीटोआमीन, म्हणजे ते लांबलचक हायड्रॉक्सीलायसिनोकीटोनॉरल्यूसिन. ते सौम्य आम्लाला सहज दाद देत नाही. दोन्ही स्ट्रक्चर शेजारी शेजारी काढा आणि बाण स्वतः मारा, दुसऱ्याने काढलेलं बघून हे डोक्यात बसत नाही.

त्वचेत आणि उंदराच्या शेपटीच्या टेंडनमध्ये आल्डिमीनचा रस्ता जास्त, हाडात आणि कूर्चेत कीटोआमीनचा. म्हणूनच कोलॅजेन काढायला सगळे शेपटीचं टेंडन घेतात आणि सौम्य असेटिक ॲसिडमध्ये टाकतात.

पुढे तिसरा भिडू येतो. कीटोआमीनला आणखी एक हायड्रॉक्सीॲलायसीन येऊन मिळालं की पिरिडिनियमचं कडं बनतं, दोन हायड्रॉक्सीॲलायसीन आणि एक हायड्रॉक्सीलायसीन मिळून पिरिडिनोलिन. हेलिक्समधल्या भिडूवर ओएच नसेल, म्हणजे तो साधा लायसीन असेल, तर डीऑक्सीपिरिडिनोलिन. पिरिडिनोलिन १९७७ मध्ये फुजिमोतो आणि सहकाऱ्यांना बैलाच्या अकिलीस टेंडनमध्ये सापडलं, तेही ते चमकतं म्हणून. हे परिपक्व क्रॉसलिंक परत सुटत नाहीत.

तुम्हाला खरंच कळलंय का हे तपासायला एक गणित देतो. समजा एलएच१ चा जीन, पीएलओडी१, बिघडला. हेलिक्समधल्या लायसीनवर ओएच बसणार नाही. टेलोपेप्टाइडवर मात्र बसेल कारण ते काम एलएच२ चं. मग काय वाढेल? कागदावर बघून उत्तर द्या, डीऑक्सीपिरिडिनोलिन. आणि खरोखर, कायफोस्कोलिओटिक प्रकारच्या एहलर्स-डॅनलॉस आजारात लघवीतलं डीऑक्सीपिरिडिनोलिन आणि पिरिडिनोलिनचं प्रमाण उलटं होतं आणि डॉक्टर त्यावरून निदान करतात. आता उलट करा, एलएच२ चा पीएलओडी२ गेला तर? टेलोपेप्टाइडवर ओएच नाही, म्हणजे कीटोआमीन नाही, म्हणजे हाडात पिरिडिनोलिनच नीट बनत नाही. हा ब्रुक सिंड्रोमचा एक प्रकार, हाडं ठिसूळ आणि सांधे आखडलेले. एका ओएचमुळे माणसाची हाडं मोडतात हे कागदावर स्वतः काढल्यावर जे वाटतं ते वाचून वाटत नाही.

इलॅस्टिनचं

तेच एन्झाइम, तेच ॲलायसीन, फक्त शेजार वेगळा. ट्रोपोइलॅस्टिनमध्ये, म्हणजे इलॅस्टिनच्या सुट्या रेणूत, काही ठिकाणी ॲलानिनच्या रांगेत दोन लायसीनं असतात, मध्ये दोन किंवा तीन ॲलानिन सोडून, त्यामुळे हेलिक्स वळला की दोन्ही एकाच बाजूला येतात. अशा दोन साखळ्या समोरासमोर आल्या की चार लायसीन एकत्र, त्यातली तीन ॲलायसीन झालेली आणि एक साधं, आणि चौघं मिळून एक कडं, डेस्मोसिन किंवा आयसोडेस्मोसिन. कड्यातला नायट्रोजन त्या एका साध्या लायसीनचा. १९६३ मध्ये पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी हे शोधलं. रबरासारखं ताणून परत येणं या चार हातांच्या गाठीमुळे जमतं, आणि शरीरात इलॅस्टिन मोठेपणी जवळजवळ नव्याने बनत नाही, लहानपणी बनलेलं जन्मभर पुरवायचं असतं.

बाकीचे रस्ते, थोडक्यात

सगळं लायसिल ऑक्सिडेजच करतं असं समजू नका. ट्रान्सग्लुटामिनेज २ कॅल्शियमच्या मदतीने ग्लुटामिन आणि लायसीन थेट जोडतं, मॅट्रिक्समधल्याच फायब्रोनेक्टिन आणि फायब्रिलिन या प्रोटीन्समध्ये हे दिसतं. डायसल्फाइड तर आहेतच, फायब्रोनेक्टिनचे दोन भाग टोकाला त्यांनीच बांधलेले असतात.

पण एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं. बेसमेंट मेम्ब्रेनमधल्या (पेशींच्या थराखालच्या पातळ पापुद्र्यातल्या) चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनमध्ये मेथिओनिनचा सल्फर आणि हायड्रॉक्सीलायसीनचा नायट्रोजन यांच्यात डबल बाँड असतो, सल्फिलिमीन, आणि सजीवांच्या प्रोटीनमध्ये असा बाँड असतो हे २००९ पर्यंत कुणाला माहीतच नव्हतं. २०१२ मध्ये कळलं की पेरॉक्सिडेसिन हे एन्झाइम तो बनवतं, आणि २०१४ मध्ये कळलं की त्याला ब्रोमाइड लागतं, आहारातून ब्रोमाइड काढून टाकलं तर फळमाश्यांची वाढच नीट होत नाही. तोपर्यंत ब्रोमीनला शरीरात काही काम आहे असं कुणी धरत नव्हतं.

आणि साखर. ग्लुकोज हेही ॲल्डिहाइडच, तेही लायसीनला धरतं, शिफ बेस, मग आमाडोरी, अगदी तीच दोन पावलं जी डायबेटिसच्या एचबीएवनसी टेस्टमध्ये मोजतात. फरक एवढाच की इथे जागा ठरलेली नाही, कुठेही चिकटतं, आणि कोलॅजेन जितकं जुनं तितकं जास्त. माणसाच्या त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धं आयुष्य साधारण १५ वर्षं आणि कूर्चेतल्याचं शंभर वर्षांच्या वर मोजलं गेलंय, मग साखरेला वेळच वेळ. यातून पेंटोसिडिन आणि ग्लुकोसेपेन असे क्रॉसलिंक होतात, त्यातलं पेंटोसिडिन मोजायला सोपं आहे म्हणून सगळे तेच मोजतात, पण म्हाताऱ्या त्वचेत ग्लुकोसेपेन कितीतरी जास्त असतं, आणि ते ना चमकतं ना ॲसिड हायड्रोलिसिसमध्ये टिकतं.

आता लॅबमध्ये

सगळ्यात स्वस्त टेस्ट आधी करा. उंदराच्या कोवळ्या पिल्लाचं आणि म्हाताऱ्या उंदराचं शेपटीचं टेंडन, दोन्हीचे सारख्या वजनाचे धागे ०.५ मोलर असेटिक ॲसिडमध्ये ४ अंशाला ठेवा. दोन्ही आधी फुगतात, पांढरे धागे काचेसारखे पारदर्शक होतात. दुसऱ्या दिवशी कोवळ्याचं भांडं तिरकं केलं तर आतलं पाकासारखं दाट ओघळतं, धागा दिसत नाही. म्हाताऱ्याचं धागा धागाच राहतो, फुगून जेलीसारखा झालेला, चिमट्याने उचलला तर लोंबतो पण विरघळत नाही. त्यात पेप्सिन टाकलं तर बराचसा सुटतो, कारण पेप्सिन टेलोपेप्टाइड कापतं आणि गाठी तिथेच असतात. आम्लात सुटलं, पेप्सिनने सुटलं, कशानेच सुटलं नाही, या तीन वाट्या वेगळ्या ठेवून प्रत्येकीत हायड्रॉक्सीप्रोलीन (कोलॅजेनमध्ये भरपूर असणारं अमिनो ॲसिड) मोजा, अंदाज तिथेच येतो.

नेमकं मोजायचं असेल तर आधी सोडियम बोरोहायड्राइड. हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या पहिल्या बॅचला मी थेट ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ११० अंशाला २४ तास हायड्रोलिसिस केलं, म्हणजे प्रोटीन सुट्या अमिनो ॲसिडपर्यंत तोडलं, आणि कोवळ्या टिश्यूमध्ये कच्चे क्रॉसलिंक शून्य आले, तीन आठवडे मी त्या शून्याचा अर्थ लावत बसलो, आणि मग एका सीनियर ताईने आलेख बघून एवढंच विचारलं, "बोरोहायड्राइड केलंस का?" आल्डिमीन आणि कीटोआमीन दोन्ही त्या गरम ॲसिडमध्ये टिकत नाहीत. बोरोहायड्राइड त्यांचे डबल बाँड आणि कीटोन रिड्यूस करून पक्के करतं, मग ते हायड्रोलिसिसमधून जसेच्या तसे बाहेर येतात. पीएच ७.४ च्या बफरमध्ये, फ्यूम हूडखाली, झाकण घट्ट न लावता करा, हायड्रोजन निघतो.

पिरिडिनोलिनला रिडक्शन लागत नाही, ते तसंही टिकतं. हायड्रोलायझेट सेल्युलोजच्या कॉलमवर ब्युटेनॉल, असेटिक ॲसिड आणि पाणी ४:१:१ मध्ये धुऊन घ्या, मग सी१८ कॉलमवर फ्लुओरेसन्स डिटेक्टर, एक्सायटेशन २९५ आणि एमिशन ४०० नॅनोमीटरच्या आसपास. पिरिडिनोलिन आधी येतं, डीऑक्सी नंतर. पेंटोसिडिनला ३३५ आणि ३८५ वेगळं लावा. सँपल गडद रंगाच्या कुपीत ठेवा, अतिनील प्रकाशात पिरिडिनोलिन खराब होतं. पायरोल प्रकारचे क्रॉसलिंक ॲसिडमध्ये नष्ट होतात, त्यासाठी एन्झाइमने पचवून एहरलिख रिएजंट वापरावा लागतो.

पेशी वाढवून बघत असाल तर व्हिटॅमिन सी घालायला विसरू नका, त्याच्याशिवाय हायड्रॉक्सिलेज चालत नाहीत आणि मग बाकी सगळं वाया. कंट्रोल म्हणून एक प्लेट बीटा-अमिनोप्रोपियोनायट्रिल घालून ठेवा, हे स्वीट पी म्हणजे लॅथिरस ओडोरॅटसमधून ओळखलं गेलेलं, लायसिल ऑक्सिडेजला कायमचं बंद पाडतं. त्या प्लेटमध्येही तुमचा क्रॉसलिंक दिसला तर तो लायसिल ऑक्सिडेजचा नाही, दुसरा कोणीतरी शोधा. आणि परिपक्व क्रॉसलिंकसाठी दिवस नाही, आठवडे द्यावे लागतात.

एक गल्लत टाळा. बाजारातलं कोलॅजेन न्यूट्रल करून ३७ अंशाला ठेवलं की जेल होतं, लोक म्हणतात क्रॉसलिंक झालं. नाही झालं, ते नुसतं रचलं गेलं, परत थंड आम्लात टाका, सुटेल. त्याला गाठी मारायच्या तर ईडीसी-एनएचएस वापरा, जे कार्बॉक्सिल आणि अमिनो थेट जोडतं आणि स्वतः मध्ये राहत नाही, किंवा जेनिपिन, ज्याने जेल हळूहळू निळं पडतं. डोळ्यांच्या कॉर्नियासाठी रायबोफ्लेविन आणि अतिनील प्रकाश वापरतात, केराटोकोनसच्या (कॉर्निया पातळ होऊन पुढे येतो त्या आजाराच्या) पेशंटवर त्याचे निकाल २००३ मध्ये आले.

शेवटी आकडा लिहिताना नॅनोमोल प्रति मिलिग्रॅम टिश्यू लिहू नका, त्यात कोलॅजेन किती ते कळत नाही. कोलॅजेनच्या एका रेणूत साधारण ३०० हायड्रॉक्सीप्रोलीन धरा. समजा हायड्रोलायझेटमध्ये ६०० नॅनोमोल हायड्रॉक्सीप्रोलीन निघालं, म्हणजे २ नॅनोमोल कोलॅजेन, आणि पिरिडिनोलिन ०.६ नॅनोमोल निघालं, तर ०.३ मोल प्रति मोल. मोठ्या माणसाच्या कूर्चेत हा आकडा १ च्या वर जातो, हाडात बराच खाली असतो, आणि तुमच्या हाडाच्या सँपलने कूर्चेसारखा आकडा दिला तर आधी बघा टिश्यू कापताना कूर्चेचा थर सोबत आलाय का.